अंदाज, अटकळ, अनुमान, तर्क... सगळे एकाच माळेचे मणी?

अधोरेखित
विज्ञानविषयक लेखांची मराठी भाषांतरं तपासायचं काम सध्या हातात आहे. त्यात एक गोष्ट सारखी खुपतेय, म्हणून हा धागा. मूळ लेखात इन्फरन्स, एस्टिमेट, कंजेक्चर, एक्स्ट्रापोलेशन, प्रेडिक्शन असे वेगवेगळे शब्द असतात आणि मराठीत सगळीकडे एकच 'अंदाज'. शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला, असा अंदाज आहे, अंदाजानुसार, अंदाजे. वाचणाऱ्याला वाटावं की ही मंडळी मनाला येईल ते ठोकून देतात.

बरं, मराठीत शब्दांचा दुष्काळ आहे म्हणावं तर तसंही नाही. अनुमान, तर्क, अटकळ, कयास, आडाखा, ठोकताळा, अदमास, होरा, निष्कर्ष, भाकीत. कोश उघडला की मात्र अनुमान म्हणजे तर्क, तर्क म्हणजे अंदाज, अंदाज म्हणजे अनुमान. फिरून फिरून भोपळे चौकात.

माझं म्हणणं असं की हे समानार्थी नाहीतच. ठाऊक असलेल्यावरून ठाऊक नसलेल्याकडे जायचं, इथवर सगळे सारखे. पण हाताशी काय होतं आणि तिथून उडी केवढी मारली, यावर शब्द बदलतो. आणि ते नामापेक्षा क्रियापदात जास्त दिसतं. निष्कर्ष आणि अनुमान आपण 'काढतो'. अंदाज, अटकळ, आडाखे 'बांधतो'. तर्क 'लढवतो'. भाकीत 'वर्तवतो'. जे काढायचं ते आत आधीच असतं, आपण फक्त बाहेर आणतो. जे बांधायचं ते आपण उभं करतो, म्हणजे पडूही शकतं. पटतंय का? की मीच सुतावरून स्वर्ग गाठतोय?

उंटावरचा
आमचं 'वाटतं बुवा' या दोन शब्दांत सगळं भागतं. चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शब्दवेल्हाळ
क्रियापदांचा मुद्दा आवडला. थोडी भर. 'अंदाज' फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी माप आहे. म्हणून खर्चाच्या आराखड्याला आपण अंदाजपत्रक म्हणतो. अनुमानपत्रक किंवा तर्कपत्रक कोणी म्हणणार नाही. पाण्याच्या खोलीचा अंदाज, गर्दीचा अंदाज, वेळेचा अंदाज. प्रश्न 'किती' असा असला की अंदाज चपखल बसतो. 'का' किंवा 'कोणी' असा असला की तो लंगडतो. 'चोरी कोणी केली याचा पोलिसांनी अंदाज बांधला' हे वाक्य कानाला कसं लागतं बघा. तिथे तर्क किंवा अटकळ हवी.

शिवाय अंदाज बांधतात तसा 'घेतात' पण. अदमासही घेतात. अजमासाचं नातं अजमावण्याशी आहे, म्हणजे करून बघण्याशी. पाण्यात काठी घालून बघणं हा अजमास, काठावर उभं राहून सांगणं हा अंदाज. आता बोलताना हा फरक फारसा कोणी पाळत नाही, पण शब्दाच्या पोटात तो आहे.

'कयास' अरबी. तिकडे तो धर्मशास्त्रातला काटेकोर पारिभाषिक शब्द आहे: ज्या बाबतीत थेट आज्ञा सापडत नाही तिथे आज्ञा असलेल्या सारख्या बाबीवरून, दोन्हींतलं कारण एकच आहे हे दाखवून, निर्णय काढणे. सुन्नी न्यायपरंपरेत कायद्याच्या चार आधारांपैकी तो एक. मराठीत येईतो बिचाऱ्याचा 'कयास बांधला जात आहे' झाला, तोही बहुतेक राजकीय बातम्यांत.

तर्ककर्कश
नावाला जागून जरा लांबण लावतो, क्षमस्व.

'अनुमान' या शब्दाचीही कयासासारखीच घसरण झालीय. अनु म्हणजे मागाहून, मान म्हणजे मोजणं, जाणणं. आधी खूण दिसते, मग त्या खुणेवरून न दिसलेली वस्तू कळते. न्यायदर्शनात, म्हणजे ज्ञान कसं मिळतं याचा काथ्याकूट करणाऱ्या जुन्या भारतीय तत्त्वपरंपरेत, अनुमान हे प्रमाण आहे. म्हणजे त्यातून मिळतं ते खरं ज्ञान, 'बहुधा असेल' नव्हे. डोंगरावर धूर दिसला, जिथे धूर तिथे अग्नी हे ठाऊक आहे, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. आहेच. यातला 'जिथे धूर तिथे अग्नी' हा जो अतूट संबंध, त्याला व्याप्ती म्हणतात. अनुमानाचा सगळा भार तिच्यावर.

आणि ती एकेरी असते हे विसरायचं नाही. धुरावरून अग्नी काढता येतो, अग्नीवरून धूर काढता येत नाही. जुन्या पंडितांचं यावरचं उदाहरण मला फार आवडतं: तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. धूर यायचा तर जळण ओलं हवं. ही जी मधली न सांगितलेली अट, तिला उपाधी म्हणतात. आपली निम्मी फसलेली अनुमानं अशी एखादी उपाधी न दिसल्यामुळेच फसतात.

आणखी एक बारकावा. ज्या साधनाने कळतं ते अनुमान, आणि जे कळतं ती अनुमिती. मराठीने अनुमिती टाकून दिली आणि 'अनुमान' दोन्हीकडे वापरायला घेतला. त्यामुळे 'तुमचं अनुमान चुकलं' म्हटलं की रीत चुकली की निघालेलं उत्तर, ते कळायला मार्ग नाही.

तर्काचं प्रकरण याच्या उलट आहे. न्यायशास्त्रात तर्क हे प्रमाण नाहीच. तो मदतनीस. 'अग्नी नसता तर धूरही नसता' असं उलट धरून बघणं म्हणजे तर्क. त्याने शंका फिटते, पण नवं ज्ञान त्याच्या एकट्याच्या जोरावर मिळत नाही. जैन परंपरेने मात्र त्याला प्रमाणाचा मान दिला, कारण व्याप्ती कळते ती तर्कानेच, असं त्यांचं म्हणणं. आज मराठीत तर्काला दोन तोंडं आहेत. तर्कशुद्ध, तर्कशास्त्र यांत तो सिंहासनावर बसतो, आणि 'लोक तर्कवितर्क करू लागले' यात चावडीवर.

भाबडा_प्रश्न
वाचतोय, छान चाललंय. पण 'जिथे धूर तिथे अग्नी' हे कळलं कसं? सगळे धूर कोणी पाहिलेत? पाहिले नसतील तर हेही अनुमानच झालं ना? मग त्याला कशाचा आधार?

तर्ककर्कश
चार्वाकांनी हीच तर नस पकडली. प्रत्यक्ष तेवढंच प्रमाण, कारण व्याप्ती सिद्ध करायला पुन्हा अनुमानच लागतं आणि गाडी स्वतःच्याच शेपटामागे फिरत राहते. युरोपात १८व्या शतकात ह्यूम हा तत्त्वज्ञ याच ठिकाणी येऊन थांबला.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांनी, यावर जे सांगितलं ते मला तरी मोलाचं वाटतं. न्यायसूत्रांतच अनुमानावर आक्षेप नोंदवलाय. नदीला पूर आला म्हणून वर पाऊस झाला असं तुम्ही म्हणता, पण पाणी कुठे अडल्यानेही फुगतं. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार म्हणता, पण वारूळ कोणी मोडलं असेल तरी त्या निघतात. मोराचा आवाज आला म्हणता, पण माणूसही तसा आवाज काढतो. उत्तर असं की नुसतं पाणी वाढलं एवढ्यावरून अनुमान करायचंच नाही. पाण्याला ओढ आहे का, फेस आहे का, फळं, पानं, लाकडं वाहून येतायत का, हे पाहा. तसं असेल तरच वर पाऊस. घोटाळा अनुमानात नाही, खूण नीट न पाहण्यात आहे. आता यानेही चार्वाक गप्प बसतील असं नाही, पण खूण कितपत बारकाईने पाहायची याचा हा वस्तुपाठ आहे.

खडूफळा
गणिताकडून थोडं. 'ज्ञातावरून अज्ञात' याची सगळ्यात चोख रीत आपल्याकडे त्रैराशिक. तीन राशी ठाऊक, चौथी काढायची. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) त्यांना नावं आहेत: प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीचे, फल वेगळ्या जातीचं. ४ तासांत २० पानं, तर ७ तासांत किती? ४ हे प्रमाण, २० हे फल, ७ ही इच्छा. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं, आलं इच्छाफल, ३५. आर्यभटाने ४९९ साली हा नियम दिला होता. मला यातला 'इच्छा' शब्द भारी वाटतो. विचारणाऱ्याला जे हवंय तेच राशीचं नाव.

इथे 'काढणे' अगदी शोभतं, कारण उत्तर तिन्ही राशींत बसलेलंच आहे. बीजगणितात तर अज्ञात राशीला 'अव्यक्त' म्हणत. अव्यक्त म्हणजे नसलेलं नव्हे, अजून उघड न झालेलं. एकाहून अधिक अव्यक्तं आली की पहिलं यावत्तावत्, मग रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक.

पण त्रैराशिकाचीही एक व्याप्ती आहे आणि तिलाही उपाधी चिकटते. एका माणसाला खड्डा खणायला १००० मिनिटं लागतात, तर १००० माणसांना एक मिनिट लागेल का? कागदावर लागेल. खड्ड्यात माणसं मावायला हवीत.

अधोरेखित
खडूफळा, एक्स्ट्रापोलेशनला काय म्हणाल? माझ्यापुढची खरी अडचण तीच आहे.

खडूफळा
परिभाषेत ठरलेले शब्द आहेत: अंतर्वेशन आणि बहिर्वेशन. हाताशी दोन टोकांच्या नोंदी आहेत आणि मधलं काढायचंय ते अंतर्वेशन. ब्रह्मगुप्ताने खंडखाद्यकात (६६५) ज्यांच्या किमती कोष्टकात दिलेल्या नाहीत अशा मधल्या कोनांच्या 'ज्या' (आजच्या भाषेत साइन) काढायची रीत दिलीय, ते हेच. नोंदी जिथे संपतात त्याच्या पलीकडचं सांगायचं ते बहिर्वेशन. गणित दोन्हीकडे एकच वाटतं, जोखीम मात्र सारखी नाही. मधे दोन्ही बाजूंनी आधार आहे, बाहेर एकाच.

किती महागात पडतं त्याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे चॅलेंजर यान, २८ जानेवारी १९८६. रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी थंडीत कडक पडतात अशी शंका अभियंत्यांना होती. आदल्या रात्री चर्चा झाली. तोवरच्या उड्डाणांपैकी सगळ्यात थंड दिवसाचं तापमान ५३ अंश फॅरेनहाइट होतं, दुसऱ्या दिवशीचं येणार होतं तिशीच्या आसपास. म्हणजे विदा (डेटा) जिथे संपतो तिथून वीसहून जास्त अंश बाहेर. त्यातही पाहिली गेली ती मुख्यतः कड्यांना इजा झालेली उड्डाणं. त्यांत थंड दिवसही होते, उबदार दिवसही होते, म्हणून तापमानाशी संबंध दिसेना. इजा न झालेली उड्डाणं शेजारी मांडली असती तर दिसलं असतं की ती सगळी उबदार दिवसांची होती. यान उडालं आणि सातही अंतराळवीर गेले.

म्हणून त्या जागी नुसतं 'अंदाज' लिहू नका. 'बहिर्वेशन' जड वाटत असेल तर 'नोंदींच्या पलीकडचा अंदाज' लिहा, पण पलीकडचा हे आलंच पाहिजे.

शून्यवादी
सगळं वाचलं. माफ करा, पण हा पंडिती काथ्याकूट आहे. वाचकाला 'बहिर्वेशन' म्हटल्यावर काय कळणार? कपाळ. 'हवामानाचा अंदाज' सगळ्यांना कळतो, तिथे 'किती' असा प्रश्न नेहमीच नसतो, 'येईल का' असाही असतो, आणि कोणाचं काही अडत नाही. शब्द वापराने मोठा होतो. अंदाज मोठा झाला, बाकीचे मागे पडले. त्यांना ओढून आणून काय साधणार?

अधोरेखित
हवामानाला अंदाजच ठीक आहे, माझी तक्रार तिथे नाहीच. तक्रार अशी की 'विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं असल्याचा अंदाज आहे' आणि 'मंगळावर कधीकाळी जीवसृष्टी असावी असा अंदाज आहे' ही दोन वाक्यं मराठीत सारखीच वजनदार किंवा सारखीच हलकी होतात. पहिल्यामागे मोजमाप आहे. दुसऱ्यामागे अजून तरी फक्त 'असू शकेल' आहे. वाचकाला बहिर्वेशन कळलं नाही तरी चालेल, पण हा फरक कळायला नको?

शून्यवादी
तो फरक मराठी माणूस 'अंदाज' शब्दावरून करतच नाही. पुढच्या क्रियापदावरून करतो. तुम्हीच दुसऱ्या वाक्यात 'असावी' लिहिलंत आणि पहिल्यात 'असल्याचा'. मग नामासाठी एवढा घोर कशाला?

शब्दवेल्हाळ
शून्यवादी, भांडता भांडता तुम्ही धाग्यातला सगळ्यात चांगला मुद्दा टाकलात.

रात्रभर झोपलेला माणूस सकाळी खिडकी उघडतो. आता ही वाक्यं बघा.

पाऊस पडलेला दिसतोय.
पाऊस पडला असावा.
पाऊस पडला असणार.
पाऊस पडला असेल.
पाऊस पडला वाटतं.
पाऊस पडला म्हणे.

पाऊस एकानेही पाहिलेला नाही. पण 'दिसतोय' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ओली जमीन आहे. 'असावा' म्हणणाऱ्याकडेही खूण आहे, पण ती त्याने जोखलीय आणि थोडी जागा सोडलीय. 'असणार' म्हणणाऱ्याला खूण दिसायची गरजच नाही. रात्री ढग दाटून आले होते, त्यावरून तो ठाम आहे. 'असेल' म्हणणाऱ्याला पडला काय नि नाही काय; त्याच्यापुढे 'बुवा' लावून बघा, लगेच बसतो. 'म्हणे' वाल्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंय, म्हणजे तर्ककर्कश ज्याला शब्दप्रमाण म्हणतील ते, आणि त्याची हमी घ्यायला तो तयार नाही.

पूर आला म्हणून वर पाऊस झाला 'असावा', हे कार्यावरून कारणाकडे. ढग आलेत म्हणून पाऊस पडला 'असणार', हे कारणावरून कार्याकडे. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने अनुमानाचे जे प्रकार सांगितलेत त्यांतले शेषवत् आणि पूर्ववत् हेच ना? दर वेळी ही विभागणी पाळली जाते असं नाही म्हणत मी. 'असणार' खुणेवरूनही म्हणतात. पण कल तसा आहे.

तर्ककर्कश
शेषवत् आणि पूर्ववत्, बरोबर. कल मलाही जाणवतो. पाठ केलेल्या सूत्राला 'असावा' असं जोडता येईल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

काळा_कोट
या 'असेल' आणि 'असणार' यांच्यामधल्या फटीत माणसांची आयुष्यं असतात हो. परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यांत कोणी डोळ्यांनी गुन्हा पाहिलेला नसतो. सगळं खुणांवरून. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या एका निकालात सांगितलं की 'केला असू शकेल' आणि 'केलाच असला पाहिजे' यांच्यातलं मानसिक अंतर फार मोठं आहे, आणि तेच धूसर अटकळींना पक्क्या निष्कर्षांपासून वेगळं करतं. १९८४ च्या निकालात ते पुन्हा उद्धृत करून पाच कसोट्या घातल्या, वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. ज्यांवरून निष्कर्ष काढायचा ती परिस्थिती आधी पूर्ण शाबित हवी. ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळणारी हवी. तिचं वळण निर्णायक हवं. दुसरी कुठलीही शक्यता तिने मोडीत काढली पाहिजे. आणि साखळी इतकी अखंड हवी की आरोपी निर्दोष असण्याला वाजवी जागा राहू नये.

पहिली कसोटी नीट वाचा. अटकळीवरून निष्कर्ष काढता येत नाही. ज्ञातावरून अज्ञात काढताना ज्ञात आधी खरोखर ज्ञात आहे का, इथेच निम्मे खटले अडखळतात.

'गृहीत धरणे' हा आमच्याकडे आणखी वेगळा प्रकार. तिथे कोणी काही काढत नाही की बांधत नाही, कायदाच सांगतो की असं धरून चाला. ज्यांना खबर लागायला हवी होती त्यांना सात वर्षं एखाद्याची खबर नाही, तर तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्याने शाबित करायचं. हे अनुमान नव्हे. ओझं कोणाच्या खांद्यावर, एवढाच तो निर्णय.

भाबडा_प्रश्न
मग गुप्तहेरकथांतले नायक जे करतात ते काय? बुटावरचा चिखल बघून माणूस कुठून आला ते सांगणं. त्याला निगमन म्हणतात असं कुठेतरी वाचलंय.

ताऱ्यांकडे
ते निगमन नाही. निगमनात सर्वसाधारण नियमावरून विशिष्ट गोष्ट निघते, आणि आधारविधानं खरी असतील तर उत्तर खोटं ठरूच शकत नाही. विगमनात अनेक उदाहरणांवरून नियम. चिखल बघणारा तिसरंच करतो: समोर एक कोडं आहे, ते काय मानलं तर सुटेल ते शोधतो. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने या तिसऱ्या रीतीला वेगळं नाव देऊन बाजूला काढलं. (न्यायातला 'निगमन' शब्द आणखी निराळा, तिथे तो अनुमान मांडायच्या पंचावयवी, म्हणजे पाच भागांच्या, वाक्यातला शेवटचा, पाचवा अवयव.)

या तिसऱ्या रीतीचं सगळ्यात गाजलेलं यश म्हणजे नेपच्यून. युरेनस गणिताने सांगितलेल्या जागी सापडेना, थोडा मागेपुढे. ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने म्हटलं, पलीकडे एक न दिसलेला ग्रह आहे आणि तो याला ओढतोय. कुठे असेल तेही गणिताने काढून बर्लिनच्या वेधशाळेला कळवलं. २३ सप्टेंबर १८४६ ला पत्र पोचलं आणि त्याच रात्री योहान गाले यांना तो ग्रह सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत सापडला. इंग्लंडमध्ये ॲडम्सनेही स्वतंत्रपणे हेच गणित मांडलं होतं.

आता पुढचं. बुधाची कक्षाही गणितात बसत नव्हती. त्याच ल व्हेरिएने १८५९ साली तीच रीत वापरली: बुधाच्याही आत, सूर्याजवळ काहीतरी आहे जे त्याला ओढतंय. त्या ग्रहाचं 'व्हल्कन' असं नावही रूढ झालं. लोकांनी वर्षानुवर्षं शोधला. नव्हताच तो. बुधाच्या कक्षेतला शतकामागे ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तो फरक १९१५ साली आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताने उलगडला. ग्रह कमी पडत नव्हता, गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा होता.

माणूस तोच, रीत तीच, काळजीही तितकीच घेतलेली. एकदा ग्रह मिळाला, एकदा नाही. आता याला तुमच्या यादीतला कोणता शब्द लावाल? नेपच्यूनला 'अनुमान' आणि व्हल्कनला 'अटकळ' म्हणालात तर ती पश्चातबुद्धी होईल. सांगतेवेळी दोन्ही एकाच तोलाची होती.

तर्ककर्कश
मी अर्थापत्ती म्हणेन. देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा काही खात नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण एकमेकींशी जुळत नाहीत. 'तो रात्री खातो' असं मानलं की जुळतात. मीमांसक आणि वेदान्ती याला स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक म्हणतात की हा अनुमानाचाच एक प्रकार.

पण तुमच्या दोन ग्रहांनी यातली मेख उघडी पाडली. 'रात्री खातो' हे तेव्हाच पक्कं, जेव्हा दुसरा कुठलाच मार्ग उरत नाही. ल व्हेरिएला दुसरा मार्ग दिसण्याची सोयच नव्हती. न्यूटनचा नियम अपुरा असू शकतो हे त्या यादीत घालायला ५६ वर्षं जावी लागली. काळा_कोट यांची चौथी कसोटी, दुसरी कुठलीही शक्यता मोडीत काढणं, ही कोर्टात निदान प्रयत्नाने जमते. आकाशात शक्यतांची यादीच पुरी नसते.

उंटावरचा
म्हणजे देवदत्त दिवसा चोरून खात असेल ही शक्यता मीमांसकांनी धरलीच नाही? पोलिसात कधी चालले नसते.

काळा_कोट
उंटावरचा, उलटतपासणीला या.

अधोरेखित
ताऱ्यांकडे, तुमचा प्रश्न अडचणीचा आहे आणि योग्य आहे. मी या दोन्हींना 'तर्क' म्हणेन, 'ल व्हेरिएने असा तर्क मांडला'. मांडला, लढवला नव्हे. नेपच्यून दिसल्यावर 'तर्क खरा ठरला' म्हणता येतं आणि व्हल्कनबाबत 'तर्क खोटा ठरला'. 'निष्कर्ष खोटा ठरला' हे मात्र मला अडखळायला लावतं, कारण निष्कर्ष म्हटला की तपास पुरा झाला असं वाटतं.

शब्दवेल्हाळ
'तर्क मांडला' चालेल. आडाखे आणि ठोकताळे मात्र या यादीतून बाजूला ठेवा, ते वेगळ्या घरचे. 'ताळा' म्हणजे गणिताचं उत्तर बरोबर आहे ना ते पडताळणं, ताळेबंदातला. ठोकताळा म्हणजे बऱ्याच अनुभवातून बसलेला ढोबळ नियम, जो दर वेळी नव्याने सिद्ध करत बसत नाहीत. आणि 'होरा' ज्योतिषातून आलाय, त्याला विज्ञानलेखात न आणलेलंच बरं. 'माझा होरा असा की निवडणूक लांबणार' इथे तो शोभतो.

भाबडा_प्रश्न
शेवटचा भाप्र. नकाराचं काय? व्हल्कन दिसला नाही, म्हणून तो 'नसावा', 'नसेल' की 'नाही'? न दिसण्यावरून नसणं काढता येतं का?

तर्ककर्कश
त्यालाही भाट्ट मीमांसकांनी वेगळं प्रमाण दिलंय, अनुपलब्धी. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण अट अशी की ती योग्य अनुपलब्धी हवी. म्हणजे वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधारात घडा दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही असं या वाटेने म्हणता येत नाही, कारण ते असलं तरी दिसणारं नाही, अशीच त्याची व्याख्या.

ताऱ्यांकडे
व्हल्कनच्या बाबतीत नेमका हाच घोळ होता. सूर्याच्या इतक्या जवळचा ग्रह एरवी झगमगाटात दिसणारच नाही, तेव्हा न दिसण्याला अर्थ नव्हता. खग्रास सूर्यग्रहणाची ती काही मिनिटंच काय ती योग्य वेळ. १८७८ च्या ग्रहणात दोन निरीक्षकांनी पाहिल्याचा दावाही केला, पण त्यांनी सांगितलेल्या जागा एकमेकांशी जुळल्या नाहीत. पुढच्या ग्रहणांत छायाचित्रं घेऊन शोधलं तेव्हाही काही मिळालं नाही. तोवर 'नसावा' म्हणणं रास्त होतं. 'नाही' म्हणायची वेळ १९१५ नंतर आली, जेव्हा त्याची गरजच उरली नाही.

शून्यवादी
'नसावा' आणि 'नाही' यांच्यामधे कित्येक वर्षं, आणि दोन्हीकडे नाम लागलंच नाही. मी म्हणत होतो ते हेच. अधोरेखित, तुमच्या भाषांतरकारांना शब्दांची यादी देऊ नका, शब्दवेल्हाळ यांची पावसाची सहा वाक्यं द्या.

अधोरेखित
दोन्ही देतो. यादीत 'अंदाज' पुढे कंसात 'किती?' असं लिहून.